घर्षणसरांच्या विषयाला मुलं हवीत

आमच्या शाळेत विज्ञानाचे पाच विषय शिकवतात, असं माहितीपत्रकात छापलंय. त्यातलं खगोलशास्त्र म्हणजे एक दुर्बीण, जिची काच कुणीतरी केव्हाच लंपास केली. पण आकाश आहे ना वर, तेवढं पुरे, असं मुख्याध्यापिकाबाईंचं मत. मग जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरण आणि सगळ्यांत शेवटी, मुतारीशेजारच्या खोलीत, भौतिकशास्त्र. ते शिकवतात आमचे घर्षणसर.

मी भाषा शिकवते. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून आणि मधली भिंत पातळ. त्यामुळे वर्षानुवर्षं मी फुकटात भौतिकशास्त्र ऐकतेय. अजून मला ते येत नाही, हा दोष सरांचा नाही.

घर्षण हे नाव मुलांनी ठेवलेलं. पुस्तकातल्या प्रत्येक गणिताखाली लिहिलेलं असतं, 'घर्षण विचारात घेऊ नये.' हे वाचलं की सर भडकायचे. "का घेऊ नये? जगात घर्षण नाही का? उद्या घर्षण बंद झालं तर बाकावरून घसरून खाली पडाल, गाढवांनो!" मग तेच गणित घर्षण धरून सोडवायचं. पुस्तकात चार ओळींत सुटणाऱ्या गणितासाठी सरांकडे फळा दोनदा पुसावा लागे. मुलांच्या नाकी नऊ यायचे. घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "अहो बाई, आमच्या न्हाणीघराचं दार करकरतं. तेल घाला म्हटलं, तर हे म्हणतात, आधी नेमकं कुठे घासतंय ते बघू. मुलगी जन्मली तेव्हापासून बघतायत. आता तिचं लग्नसुद्धा झालं."

असा हा माणूस. लबाडी अजिबात नाही, पण कुणाला खूश करणं रक्तातच नाही.

यंदा शाळा उघडली त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "सर, तुमच्या विषयाला निदान पंधरा मुलं आली नाहीत तर तो बंद. मग तुम्ही आरोग्य आणि स्वच्छता शिकवा." सर शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले. हातातला चहा गार झाला.

"बाई," ते मला म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही हो. हात कसे धुवायचे हे मी कुणाला शिकवू?"

चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

आता आमच्याकडे विषय निवडायचा दिवस म्हणजे निव्वळ बाजार. सभागृहात प्रत्येक विषयाचं टेबल, आणि टेबलामागे शिक्षक 'या, या' करत उभे. नववीच्या मुलांनी फिरायचं आणि नाव नोंदवायचं. जीवशास्त्राने ससा आणला होता. रसायनवाल्यांनी लाल पाण्याचं निळं करून दाखवलं. पर्यावरणाच्या बाई तर पोचलेल्या! येईल त्याला कुंडीतलं रोप फुकट, वर कानात सांगायच्या, "आमच्याकडे गणितं नाहीत." त्यांची रांग दाराबाहेर गेली. घर्षणसरांच्या टेबलावर एक उतरती फळी आणि तिच्यावर लाकडी ठोकळा. येईल त्याला सर दरडावून विचारायचे, "हा घसरत का नाही? सांग!" पोरगं म्हणायचं, "जरा ससा बघून येतो, सर." आणि गेलं की गेलं.

तेवढ्यात बेकरीवाल्याची मुलगी आली. पहाटे बापाला भट्टीवर हातभार लावून मग शाळेत येणारी, त्यामुळे माझ्या पहिल्या तासाला हमखास जांभया देणारी. सरांनी तिलाही तोच प्रश्न टाकला. ती ठोकळ्याकडे बघत राहिली.

"माहीत नाही, सर. पण फळी थोडी उचलून बघू का?"

तिने उचलली. ठोकळा घसरला. तिने तो परत ठेवला, फळी जराशी खाली केली, पुन्हा उचलली. मागे सशासाठी धक्काबुक्की चाललेली आणि ही बया फळी वरखाली करतेय. सरांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लग्नाचा फोटो मी बघितलाय, त्यातसुद्धा नाहीत ते तसे.

संध्याकाळपर्यंत सहा नावं जमली. त्यातली पाच दुसरीकडे जागा संपल्या म्हणून आलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या मनाने महिन्याची मुदत दिली. तोवर मुलांना विषय बदलता येतात.

त्या महिन्यात लोलकाचा प्रयोग झाला. पाच जणांचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळलं. जुळणारच, पुस्तकातूनच उतरवलेलं ते! बेकरीवाल्याच्या मुलीचं मात्र जुळेना.

"सर, पुन्हा पुन्हा करून बघितलं. वेगळंच येतंय. काय लिहू?"

"जे आलं ते लिही!" सर आनंदाने इतक्या जोरात ओरडले की भिंतीअलीकडे माझ्या वर्गातली पोरं दचकली. मग दोघं मिळून दोरा मोजत बसले. वारा लागतोय का म्हणून खिडकी लावून बघितली. शाळा सुटली तरी त्यांचं आपलं चालूच.

पण एका मुलीवर विषय चालत नाही. मुदत संपत आली तशी सरांची झोप उडाली. शेवटी गेले पर्यावरणाच्या बाईंना शरण.

"सर," त्या म्हणाल्या, "मुलांना विज्ञान कुठे हवं असतं? विज्ञान घेतलंय असं घरी सांगायला हवं असतं. तेवढं द्या की."

मी शेजारीच होते. मला वाटलं, आता भडका उडणार. सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. भौतिकशास्त्राच्या तासाला टाळ्या! सरांनी फुगे आणले होते. फुगा स्वेटरवर घासायचा, डोक्यावर धरायचा, की केस उभे. मग बाटलीत जाणारं उकडलेलं अंडं. मग गोल फिरणारी खुर्ची. कुणी चुकून "असं का होतं, सर?" विचारलंच तर, "मजा आली ना? झालं तर मग!" गणितांना सुट्टी मिळाली. विषयाचं नाव 'आनंददायी भौतिकशास्त्र' झालं. आणि एक दिवस मी माझ्या ह्या कानांनी ऐकलं, "घर्षण सोडून द्या रे, उगाच डोक्याला ताप!" माझ्या हातातला खडू पडला.

पंधरा कसली, आठवड्याभरात वर्गात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. जीवशास्त्राचा ससा एकटा पडला. सरांचा उभ्या केसांचा फोटो शाळेच्या दाराशी लागला. आणि खरं सांगते, सरांना ते आवडायला लागलं हो! ज्यांना बघून मुलं आयुष्यभर वाट बदलत आली, त्यांना आता जिन्यात गाठून विचारत होती, "सर, आज काय?" कुणीही भुलेल. मी तर पहिली भुलले असते. तरीही त्यांचा राग यायचा मला, असा राग की त्यांच्याशी चार दिवस धड बोलले नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत बेकरीवाल्याची मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात विषय बदलायचा कागद.

"सर, सही हवी होती."

"कुठे चाललीस?"

"सुतारकामाला." आमच्याकडे विज्ञानाऐवजी तेही घेता येतं. सहसा कुणी घेत नाही.

"सुतारकाम? अगं, तू? तुला तर..."

"तिथे माप खरं घ्यावं लागतं, सर. एक पाय आखूड झाला तर स्टूल डुगडुगतं. मग सुतारकाका परत करायला लावतात." पोरगी टोमणा मारत नव्हती, खरोखर समजावून सांगत होती. म्हणूनच तर जास्त लागलं.

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी परत पहिल्यासारखं शिकवलं तर थांबशील?"

"हो!" ती चटकन म्हणाली. चेहरा एकदम फुलला. मग तिने विचार केला, तिच्या सवयीप्रमाणे सगळं धरून. "पण मग बाकीचे जातील ना, सर? विषयच बंद होईल. मग तुम्ही काय शिकवाल?"

पर्यावरणाच्या बाईंनी कपात तोंड घातलं. सरांनी पेन काढलं आणि सही केली.

तेवढ्यात दाराशी पोरांचा घोळका आला. "सर, चला ना, फुगे फुगवून ठेवलेत!" सर उठले. मुलीच्या पाठीवर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, तो अर्ध्यातूनच खिशात घातला आणि पोरांच्या मागून गेले.

मी माझ्या वर्गात आले. भिंतीपलीकडे टाळ्या सुरू झाल्या आणि मी मुलांवर अशी खेकसले की विचारू नका. बिचारी मान खाली घालून निबंध लिहीत होती.