वाकलेला आलेख आणि आमचे सर

कुठलीही गोष्ट दुप्पट करून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो पीएच.डी.चा गाईड म्हणून माझ्या नशिबी आला. सरांनी एकदा वांग्याच्या भरितात दुप्पट मिरच्या घालून आम्हा विद्यार्थ्यांना जेवू घातलं. तिखटपणा दुप्पट झाला की चौपट, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आम्ही पाण्याच्या तांब्यावर तुटून पडलो होतो. सरांच्या बायकोने न सांगता ताकाचं पातेलं आणून ठेवलं, यावरून हा प्रयोग घरात नवा नसावा.

सरांचा विषयच तसा होता. उच्च तापमानाचे अतिसंवाहक, म्हणजे विजेला जवळजवळ न अडवणारे पदार्थ, आणि त्यांच्यातून जोरकस सूक्ष्मलहरी सोडल्या की त्यांचं बिघडणारं वागणं. 'उच्च तापमान' ऐकून शेजारी म्हणायचे, मग मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर ठेवा की. हे उच्च तापमान बर्फाहून कितीतरी थंड असतं, असं सर सांगत आणि शेजारी काळजीने त्यांच्याकडे बघत. त्या थंडीसाठी लागणारा द्रवरूप नायट्रोजन सर धुळ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून मोटारसायकलला कॅन बांधून आणायचे. खेडोपाडी असा कॅन गाई भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला, येणाऱ्या डॉक्टरकडेच असतो. त्यामुळे वाटेत कोणीतरी आपली गाय दाखवायला हात करायचंच, "डॉक्टर, मनी गाय दखी ल्या." नाही म्हणणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते उतरायचे, गाईच्या पाठीवरून हात फिरवायचे, चहा प्यायचे आणि खऱ्या डॉक्टरला फोन लावून द्यायचे.

माझ्या शेवटच्या मोजमापाच्या दिवशीही ते असेच उशिरा आले, बाहीला कडबा चिकटलेला. मी रडवेली होऊन बसले होते. आदल्या मोजमापात लहरींचा जोर वाढवल्यावर आलेखाचं सरळ शिखर एका बाजूला कललं होतं. माझ्याकडे अतिसंवाहकाची ती एकच पट्टी होती. ती खराब झाली, वर्षं वाया गेली, आता संशोधन सोडून घरी जाते, असं मी सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं, पट्टी पुन्हा नायट्रोजनमध्ये थंड केली आणि म्हणाले, "पॉवर कमी कर, पोरी."

मी कमी केली. शिखर होतं त्या जागी निमूटपणे सरळ उभं राहिलं. वाढवली, कललं. कमी केली, पुन्हा सरळ.

"वाकेल शे, मोडेल नही," वाकलंय, मोडलेलं नाही, एवढंच सर म्हणाले आणि कडबा झटकत चहा सांगायला गेले.

ते कलणंच पुढे माझ्या प्रबंधाचा गाभा ठरलं. आज मी धुळ्याला शिकवते, ती त्या एका वाक्याच्या जोरावर.

सर निवृत्त होऊन अमळनेरला असतात. कानाला यंत्र आलंय. परवा भेटायला गेले, तेव्हा ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हटलं की सर, तुमच्यामुळे मी टिकले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मोठा आवाज त्या यंत्रातून वेडावाकडा ऐकू येतो म्हणे. "पॉवर कमी कर," ते म्हणाले. मी खुर्ची जवळ ओढली आणि तेच हळू सांगितलं. सरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"आखो एकदाव सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला माझाच आवाज सरळ राहिला नाही.