भूल देण्याआधीचा प्रश्न

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि आम्ही रेवसहून लाँचने मुंबई गाठली. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खाटेजवळ बसून समजावू लागल्या. औषध सतत शिरेतून सोडून भूल देता येते, किंवा वायू हुंगवून. दोन्ही पद्धती चांगल्या, पण हृदयाच्या ऑपरेशनात कोणती जास्त मानवते याची तुलना त्यांच्याकडे चालू होती. मी कॉलेजात शिकवतो हे कळल्यावर त्या माझ्याशी बरोबरीने बोलल्या, कागदावर हृदय काढून दाखवलं. मी फुगलो.

मग त्यांनी विचारलं, "वडील काही घेतात का? दारू, ताडी, माडी? भूल कोणतीही दिली तरी मला हे माहीत हवं."

बाबांनी जन्मभर चौलच्या वाड्यांत नारळाच्या झाडांवर चढून माडी काढली. सकाळी खाली उतरले की पहिला तांब्या त्यांचा, संध्याकाळी दुसरा. आमच्यात कुणी तिला दारूत धरतच नाही. पण मला त्या बाईंपुढे माडी काढणाऱ्याचा मुलगा व्हायचं नव्हतं. बाबा तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "छे, सुपारीचं खांडसुद्धा नाही. नारळाची वाडी आहे आमची." वाडी कधीच आमची नव्हती. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

भूल शिरेतून दिली. ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी बाबांचे हात थरथरायला लागले, ते नळ्या उपटायला लागले, अंगावर नसलेल्या मुंग्या झटकायला लागले. नर्सनी त्यांचे हात खाटेला बांधले. हा भुलीचा परिणाम की रोजची दारू अचानक तुटल्याचा, हे कळावं म्हणून डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी पुन्हा नाही म्हटलं. आज हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

तरीही त्यांनी औषध बदललं. दोन दिवसांनी बाबा भानावर आले. मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते. डॉक्टरबाई आल्या तसं बाबांनी हात जोडले.

"मॅडम, मी रोज माडी पितो. दोन्ही येळंला. पोराला ठाव न्हाय. त्याला बोल लावू नका."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नव्हतं."