आवसेचा रविवार

आईचा उजवा हात आणि पाय अर्धांगवायूनं गेला, त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. प्रार्थनेला मी बसायचे, पण रुसलेली सून जेवायला बसते तशी.

आई मूळची पेणकडच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्या हिंदू घरातली. वडील ख्रिस्ती. लग्न होऊन ती आमच्या वरसे गावात आली आणि दर रविवारी रोह्याच्या छोट्याशा मंडळीत शेवटच्या बाकावर बसू लागली. गीतं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, पण प्रभुभोजनाचा प्याला फिरत आला की न घेता पुढे सरकवायची, कारण तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच. बाप्तिस्मा घेतलास तर माहेर तुटलं समज, असं मामानं तिला बजावलं होतं. तेवढ्यावर तिचं सारं आयुष्य गेलं. मामा वारला, आणि अंथरुणाला खिळल्यावर ती एक दिवस जड जिभेनं म्हणाली, "मना त्या प्याल्यातला एकदा घेयाचा हाय गो. पन आदी पान्यान बसायचाय."

झालं, तिचा बाप्तिस्मा कसा करायचा यावरून मंडळीत वाद पेटला. शमुवेलकाका आमच्यातले सर्वांत जुने. ते म्हणाले, "घरी जाऊन कपाळावर पाणी शिंपडा. प्रभूशेजारी वधस्तंभावर तरलेल्या चोराला कुणी नदीवर नेलं होतं?" तरुण संघाचा योनाथान, कंपनीतली शिफ्ट संपवून तसाच आलेला, ताडकन उठला. "प्रभू स्वतः यार्देन नदीत उतरला. आपण त्याच्यापेक्षा शहाणे का? बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा नाय." दोघांकडे वचनं होती आणि दोघंही ती एकमेकांना फेकून मारत होते. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी दोघांनाही मान डोलावली, त्यामुळे दोघंही त्यांच्यावर चिडले. इकडे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल. देवाच्या घरचे वकील भांडत राहणार आणि माझी आई तहानलेली जाणार, याची मला खात्रीच पटली.

एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून शुभवर्तमान वाचत होते. बेथेसदा तळ्याकाठच्या पंगू माणसाची गोष्ट निघाली. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा व्हायचा, पण याला उचलून नेणारं कुणीच नव्हतं.

"मंग कोनी नेला त्याला?" आईनं विचारलं.

"कुणी नाही. प्रभूच त्याच्याजवळ गेला."

आईनं डाव्या हातानं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आवस कदी हाय ते बग." योनाथान तिला पाहायला आला होता. तो कळवळून म्हणाला, "मावशी, आपण अमावास्या मानत नाय." आई अर्ध्या ओठानं हसली. मलाही लाज वाटली. इतकी वर्षं बाकावर बसून शेवटी आवसच आठवली, असं मनात आलं. पण तिनं हट्ट सोडला नाही. आवसेचा रविवार, आणि जागा माहेरच्या खाडीची. मामीला निरोप गेला. मामी म्हणाली, "आन तिला. आपलीच खारी हाय."

त्या सकाळी पाळकसाहेब, काका आणि योनाथान यांच्यासह आम्ही टेम्पोत गादी घालून तिला नेलं. रोहा मागे पडला आणि पेणच्या पुढे रस्ता खारभूमीत शिरला, तसं सगळं पांढुरकं झालं. आकाश कुठे संपतं आणि मिठागर कुठे सुरू होतं ते कळेना. आई डोळे मिटून वास घेत होती. मला मात्र वाटत होतं, मीच झोपेत आहे.

जुन्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर आम्ही तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मी समोर पाहिलं. पाणी कुठे दूर, मधे नुसता चिखल. योनाथान पँट दुमडून उतरला तो गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला ओढून काढताना शमुवेलकाकाही माखले. "मी सांगत होतो," असं दोघंही एकदमच म्हणाले. मी परत फिरायचं म्हटलं.

"बस गो," आई म्हणाली. "पानी येल."

आम्ही बसलो. एक बगळा चिखलात उभा होता, तो हळूच मागे सरला. मग पुन्हा मागे. खाजणातून पाणी येत होतं, आवाज न करता. आवसेचं उधाण, महिन्यातली मोठी भरती. मिठागरातल्या लेकीनं पंचांग नव्हे, भरती पाहिली होती. पाणी तिच्या बोटांना लागलं, मग घोट्यांना, मग मांडीवरचं लुगडं फुगलं. आई रडत होती आणि हसतही होती.

प्लास्टिकची खुर्ची तरंगायला लागली, तशी तिची एक बाजू काकांनी धरली, दुसरी योनाथाननं. पाळकसाहेब कपड्यांसकट उतरले. कंबरेपर्यंत पाण्यात बसलेल्या माझ्या आईच्या डोक्यावर त्यांनी ओंजळीनं तेच पाणी ओतलं. मामी वर कोरडं लुगडं घेऊन उभी होती. ते नेसवून तिनंच आईचे केस पुसले. माहेर कुठे तुटलंच नव्हतं.

मग प्याला आला. या वेळी आईनं तो पुढे सरकवला नाही. डाव्या हातात धरला, आणि मी खालून आधार दिला. माझा अबोला तिथेच सुटला.

आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तिला पाण्यापर्यंत कसं न्यायचं, या काळजीनं मी देवावर रुसले होते. आईच्या तोंडून त्यानं मला फक्त बसायला सांगितलं. त्याचे उपकार मी कुठे फेडू?

काका आणि योनाथान अजून भांडतात, पण आता एकाच बाकावर बसून. मंडळीत नवं कुणी आलं की मला हमखास विचारतं, तुमच्या आईचा बाप्तिस्मा कुठला, शिंपडून की बुडवून? मी सांगते, भरतीचा.