भिंतीला तीन दिवस अंघोळ

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज लिहायला माझ्या घरी आली ते बरं झालं, नाहीतर मी भिंतीशीच भांडत बसले असते.

परवा तुम्ही सगळ्या हळदीकुंकवाला येणार. आमचं भाड्याचं घर संस्थानाच्या काळातलं, बाहेरून नुसत्या विटांचं, आणि त्या विटांवर पांढरी भुकटी फुटलेली. गडी मिळेना, ह्यांना ऑफिसातून सवड नाही. मग पदर खोचला, विहिरीचं पाणी ओढलं आणि काथ्यानं घासघासून मीच भिंत धुतली.

संध्याकाळी विटा कशा लालबुंद दिसत होत्या! दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढऱ्या. पुन्हा धुतल्या. आज तिसऱ्यांदा धुतल्या, तर दुपारच्या उन्हात आधीपेक्षाही पांढऱ्याफटक! हाताची सालटी निघाली होती. मी वैतागून बादलीच आपटली.

त्या आवाजानं शेजारच्या, इथल्याच हिंदी बोलणाऱ्या भाभीजी धावत आल्या. म्हणाल्या, इथल्या विहिरीचं पाणी खारं आहे. ते वाळलं की मीठ वर येतं. भिंत कोरड्या खराट्यानं झाडायची, धुवायची नाही.

मी चिडूनच विचारलं, “पहले क्यों नहीं बताया?”

“आप रोज आँगन में पानी छिड़कती हैं। मुझे लगा, दीवार धोना भी आपका रिवाज होगा।”

दोन वर्षं आम्ही शेजारी राहतोय! राग कुणावर काढू, सांगा.

आणि खरं सांगू? परवाच्या माझ्या बोलावण्यात त्या नव्हत्याच. तुमच्या बोलावण्यात असते का हो शेजारीण?