एका अंगाची धार

मामाजींच्या चाकूला मी दोन्ही अंगांनी धार लावून आणली. शाळामास्तर असल्यामुळे न विचारता दुसऱ्याचं भलं करायची सवय मला होतीच.

मामाजी म्हणजे बायकोचे मामा. अख्ख्या सौंसर तालुक्यात संत्र्याचा डोळा भरावा तो त्यांनीच. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल उकलायची, आत चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, बसवून वर केळीच्या सालीचं सोपट बांधायचं. तेवढ्यात जग बुडालं तरी त्यांना पत्ता नसे. छप्पन्न साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्या दिवशीही ते रोपापुढे उकिडवे बसलेले. मी धावत जाऊन बातमी सांगितली तर म्हणाले, "राजधानी भोपाळले गेली? जाऊ द्या. तुम्ही उजेडातून सरका."

त्यांचा घडीचा विलायती चाकू घासून घासून करंगळीएवढा उरला होता. मी तसाच नवाकोरा आणून मखमलीत गुंडाळून ठेवलेला. चांगली वस्तू वापरली की तिची किंमत गेली, हे मी त्यांना दर भेटीत समजावत असे. ते माझा चाकू न्याहाळून म्हणत, "नवरदेव दिसून राहिला बिचारा. लग्न कधी हाये?"

त्या हिवाळ्यात, वर्षापूर्वी वारलेल्या मामींनी लावलेलं संत्र्याचं झाड वाळत चाललं होतं. एकच फांदी हिरवी. तिचे डोळे भरायचे म्हणून मामाजी घाईत होते, आणि मी त्यांचा चाकू पांढुर्ण्याच्या बाजारात धारवाल्याच्या चाकावर चकचकीत करून आणला. कलमाच्या चाकूचं एक अंग सपाटच हवं, नाही तर साल फाटते, हे मला तीन रोपं वाया गेल्यावर कळलं. शरमून माझा मखमलीतला पुढे केला. तो पावसाळ्यात गंजून असा बसला होता की उघडलाच नाही.

मामाजींनी आपलाच चाकू परत घेतला. दोन दिवस दगडावर ते एक अंग सपाट करत बसले. पातं आणखी झिजलं. मग भाचीला, म्हणजे माझ्या बायकोला, फांदी धरायला लावून त्यांनी एकेक डोळा भरला.

तीन आठवड्यांनी सोपट सोडलं. डोळा हिरवागार होता. मामाजींनी त्याला अलगद बोट लावलं. मग भाचीला हळूच म्हणाले, "पाह्य, तुयी मामी." आणि चाकू धोतराला पुसून तिच्या हातात ठेवला.

मला भरून आलं. म्हटलं, "मामाजी, मलाही शिकवा."

"नको, जवाईबापू," ते म्हणाले. "त्या रोपानं काय बिघडवलं तुमचं?"