लीलच्या बाजारात माझं आडनाव

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही चौघी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर भेटलो. मी बर्मिंगहॅमहून पहाटेची गाडी पकडून आले होते. माझी मुलगी मैत्रेयी ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत शिकते, ती तिकडून परस्पर आली. माझी मैत्रीण शुभदा आणि तिच्या पुण्याच्या आत्या आदल्या दिवशीच लंडनला येऊन एका नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. आत्यांना मी पहिल्यांदाच भेटत होते. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, साडीवर जाड कोट आणि पायांत नवे पांढरे बूट.

"ही वंदना, आणि ही हिची मैत्रेयी," शुभदाने ओळख करून दिली. पुढे काही बोलली नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. शुभदा बँकेत आहे. आमच्या मुली एकाच स्विमिंग क्लासला जायच्या, तिथे आमची ओळख झाली, त्याला बारा वर्षं झाली. फ्रान्सच्या उत्तरेला लील नावाचं शहर आहे, लंडनहून दीड तासाच्या आत पोचता येतं, हिवाळ्यात तिथले बाजार बघण्यासारखे असतात, हे तिनेच शोधून काढलं होतं. चौघींसाठी दोन बेडरूमचा फ्लॅटही तिनेच बुक केला. फ्लॅटला स्वयंपाकघर होतं. आत्या शाकाहारी, बाहेरचं किती दिवस खाणार, म्हणून मी बर्मिंगहॅमहून बेसन, तांदूळ, मसाल्याचा डबा असं सगळं बॅगेत भरून नेलं.

लीलला उतरलो तेव्हा बारीक पाऊस पडत होता. फ्लॅटच्या दाराचा कोड चालेना. अर्धा तास आम्ही एका बेकरीच्या छपराखाली उभ्या होतो. आत्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा बेकरीतल्या बाईने न विचारता आतली खुर्ची बाहेर आणून दिली. मी आत्यांच्या पायाशी बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या. "तू माझ्या लेकीसारखी आहेस गं," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

शनिवारी आम्ही शहर हिंडलो. मोठा चौक आणि त्यात आकाशपाळणा. भोवतीच्या घरांना विटकरी आणि पिवळे रंग, आणि घरं इतकी नक्षीदार की मैत्रेयी सारखी मान वर करून चालत होती. ख्रिसमसच्या बाजारात लाकडी टपऱ्या, गरम वाइनचा वास, मेणबत्त्या. गोफ्र (दोन पातळ पापुद्र्यांत व्हॅनिलाची साखर भरलेली इथली खास वाफल) आम्ही चौघींनी खाल्ली. आत्यांना फार आवडली. टपरीवाल्याच्या हातमोज्याला कशाकशाचा वास होता ते त्यांनी विचारलं नाही. रस्ते दगडी फरशांचे आणि ओले होते, त्यामुळे दोन दिवस त्यांचा हात माझ्या हातात होता. रात्री मी पिठलं-भात केला. आत्यांनी दोनदा मागून घेतला.

लीलमध्ये मूल-फ्रीत (वाफवलेले शिंपले आणि बटाट्याचे तळलेले काप) खायला लोक लांबून येतात. मैत्रेयीने आणि मी ते खाल्लं नाही. आत्यांना वास सहन होणार नाही, म्हणून.

रविवारी सकाळी मेट्रोने वाझेमला गेलो. लीलचा खरा बाजार तो. ख्रिसमसची सजावट वगैरे नाही, साधा आठवडी बाजार. चर्चभोवतीच्या मैदानात भाजीवाले घसा ताणून ओरडत होते, एकीकडे अरबी मसाल्यांचे ढीग, एकीकडे मोरोक्कन बायका ऑलिव्ह निवडत होत्या, मधेच कोणी ॲकॉर्डियन वाजवत होतं. मला वाटलं, आपण नागपूरला इतवारीत आलोय. मी लीकची (जाड, लांब पातीच्या कांद्याची) जुडी घेतली, कोथिंबीर घेतली. त्या क्षणापर्यंत मी खूश होते.

चीजच्या दुकानापुढे रांग होती. शुभदा तीन माणसं पुढे उभी होती. तिला मारोआल (इथलं उग्र वासाचं चीज) घरी न्यायचं होतं. आत्या माझ्या हाताला धरून उभ्या होत्या.

"वंदना, तुझ्या हाताला चव आहे हं," त्या म्हणाल्या. "मी खरं म्हणजे यायला तयार नव्हते. एका स्वयंपाकघरात तीन दिवस राहायचं, कोण कुठले लोक असतील, काय सांगावं? पण शुभदा म्हणाली, अगं आत्या, नागपूरचे कुलकर्णी आहेत, आपल्यातलेच. मग म्हटलं, चला."

"कोण कुलकर्णी?" मी विचारलं.

"तुम्हीच की."

मला वाटलं त्यांची काही गल्लत झाली असेल. "आत्या, मी गजभिये," मी म्हणाले. "वंदना गजभिये."

"गजभिये," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे..." आणि थांबल्या.

त्यांनी माझा हात सोडला. झटकला नाही. रुमाल शोधायचा आहे अशा बेताने हळूच काढून घेतला. रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल ठेवला, आणि मग तो हात दुकानाच्या लोखंडी खांबाला धरला. पाऊस लागून खांब ओला होता. माझा हात तिथेच होता, कोरडा.

शुभदा पैसे देऊन, चीजचं पुडकं घेऊन हसत मागे वळली, तोवर आम्हीही पुढे सरकलो होतो.

"शुभदा, माझं आडनाव काय?" मी विचारलं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्यांकडे. तिला लगेच कळलं. "वंदना, इथे नको ना. प्लीज. घरी बोलू."

"मी फक्त आडनाव विचारतेय."

चीजवाल्याने मला "मादाम?" म्हणून हाक मारली, माझा नंबर आला होता. मागचा माणूस पुढे सरकला. शुभदा चीजचं पुडकं पिशवीत कोंबायला लागली. बारा वर्षांच्या मैत्रीनंतरही तिला माझं आडनाव चारचौघांत, तेही भाषा न समजणाऱ्या चारचौघांत, उच्चारता आलं नाही.

मैत्रेयी मसाल्यांचे फोटो काढून परत येत होती. मी तिला दंडाला धरलं आणि आम्ही दोघी बाजाराबाहेर पडलो.

किती वेळ चाललो आठवत नाही. एका बंद शाळेच्या भिंतीशी थांबून मी तिला सगळं सांगितलं. ती इंग्लंडमध्ये जन्मली, मराठी बोलते पण अडखळत.

"बट शी नोज अस," ती म्हणाली. "ती माझा बर्थडेला येते, एव्हरी इयर. तिने आपल्याला दुसरा नाव दिला? का?"

एरवी मी तिचं मराठी दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही.

"मग मी पण कुलकर्णी होते का?" तिने विचारलं.

"हो. तूपण."

तिने एक इंग्रजी शिवी दिली. मी तीही दुरुस्त केली नाही. मग आम्ही पहिल्या दिसलेल्या हॉटेलात शिरलो आणि शिंपल्यांची दोन मोठी भांडी मागवली. वाढप्या म्हणाला, एक दोघींना पुरेल. मी म्हटलं, दोनच आणा. सगळं संपवलं. छान होतं, पण मला राग इतका होता की चव नंतर आठवून आठवून लागली.

दुपारी जुन्या बोर्सात (व्यापाऱ्यांची जुनी देखणी इमारत, आतल्या अंगणात आता जुनी पुस्तकं विकतात) गेलो. मैत्रेयी पुस्तकं चाळत होती. म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एका पुस्तकवाल्याने मला इंग्रजीत विचारलं, "थंडी वाजतेय का?" मी हात घट्ट बांधून उभी होते.

"नाही, राग आलाय," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली, स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा बुद्धिबळाकडे वळला.

"आपण आजच घरी जाऊया का?" मैत्रेयीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्या फ्लॅटमध्ये आपली खोली आहे. आपण का जायचं?"

पाच वाजता परत आलो. आत्यांचं दार बंद होतं. शुभदा स्वयंपाकघरात उभी होती. तिचे डोळे सुजले होते. ते बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी आणखीच चिडले.

"तुला त्रास होऊ नये म्हणून केलं गं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्या जुन्या वळणाच्या आहेत. तीन दिवसांचा प्रश्न होता. तुला कळलंही नसतं."

"मला कळलं नसतं, म्हणजे काय झालं असतं?"

"सगळ्यांची ट्रिप छान झाली असती. तू उगाच मोठं करतेयस. मी असलं काही मानत नाही, तुला माहितीय. बारा वर्षं तुझ्या घरी जेवतेय मी."

"मीही बारा वर्षं तुझ्या घरी जेवतेय," मी म्हणाले. "ते मी कधी बोलून दाखवलं नाही."



"आत जा आणि आत्यांना सांग, मी खोटं बोलले. माझ्यासमोर सांग."

"त्यांनी सत्तरी ओलांडलीय, वंदना."

"मी बावन्नची आहे."

ती गेली नाही. मी लीकचा झुणका आणि भात केला. टेबलावर चार ताटं मांडली. मुद्दाम मांडली, खोटं कशाला बोलू. शुभदा तेवढ्यात खाली जाऊन ब्रेड, केळी आणि दही घेऊन आली. पिशवी घेऊन ती आत्यांच्या खोलीकडे निघाली.

"आत्या एकट्या कशा जेवतील?" ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही दोघी जेवलो. उरलेली दोन ताटं मैत्रेयीने उचलून पुन्हा कपाटात ठेवली. भांडी घासताना ती म्हणाली, "आई, हे आपण घरी कधी बोललो नाही."

नागपूरकडच्या आमच्या गावात तिच्या पणजोबांना विहिरीवर काय सोसावं लागलं, ते मी तिला सांगितलं होतं. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीला मी सुट्टी काढते, तिला घेऊन जाते, भाषणं ऐकवते. पण आपल्या सोफ्यावर बसून चहा पिणारी बाई हेच करू शकते, हे मी तिला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं. बर्मिंगहॅमच्या पार्ट्यांमध्ये कोणी "नागपूरचे म्हणजे कुणापैकी?" असं विचारलं की मी पाणी आणायला उठायचे. शुभदा लगेच विषय बदलायची, आणि मला वाटायचं, किती समजूतदार मैत्रीण आहे. तो राग मी कोणावर काढू?

सोमवारी परतीच्या गाडीत समोरासमोरच्या चार सीट होत्या, मधे टेबल. सेंट पँक्रसला उतरल्यावर शुभदा बॅगा घ्यायला पुढे गेली, तेव्हा आत्या माझ्याजवळ आल्या. जवळ म्हणजे हातभर अंतरावर.

"राग धरू नकोस," त्या म्हणाल्या. "शुभदाने मला आधीच खरं सांगायला हवं होतं. मी आले नसते, एवढंच."

त्यांच्या तोंडावर कसलीच लाज नव्हती. तरी खरं सांगते, त्या तीन-चार दिवसांत मला सरळ बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं.

"मीही आले नसते," मी म्हणाले.

जानेवारीत आत्या पुण्याला परतल्या. त्याच आठवड्यात शुभदाचा फोन आला. मैत्रेयी वीकेंडला घरी आली होती, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

"आता ये ना जेवायला," शुभदा म्हणाली. "घरी कोणी नाहीये."

"कोणी नसताना बारा वर्षं आलेच की," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला आत्या असतील तेव्हा बोलव. माझं पूर्ण नाव सांगून बोलव. मी येईन."

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती म्हणाली, "बघते."

फोन ठेवल्यावर मैत्रेयी म्हणाली, "मग ती ट्राय करणार, ना?" मराठीत 'बघते' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही', हे त्या दिवशी मी तिला समजावून सांगितलं.