काचेतला धागा

क्षिप्राच्या छातीत टिकटिक व्हायची. म्हणजे अगदी खरोखरची. लहानपणी वारंवार घसा धरून ताप यायचा, तो ताप हृदयावर गेला, झडप निकामी झाली आणि सातवीत असताना डॉक्टरांनी तिथे धातूची झडप बसवली. तेव्हापासून आसपास सामसूम झाली की शेजारच्याला ऐकू जाई: टिक, टिक, टिक. आई त्याला ‘आपलं घड्याळ’ म्हणायची.

घरी, मानपाडा रोडवर, पंचाईत नव्हती. तिथे ट्रकवाले, रिक्षावाले आणि ‘कांदे बटाटेऽ’वाला यांच्यापुढे कुणाच्या हृदयाचं काय चालतंय. पंचाईत शांततेत. नीटच्या परीक्षेला हातात घड्याळ चालत नाही, आणि कल्याणच्या सेंटरवरच्या बाई नाकातल्या आवाजात ‘कुण्णाकडे तरी घड्याळ आहे हं, मला कळतं’ म्हणत बाकांमधून तीनदा फिरल्या. क्षिप्राने श्वास रोखून धरला. उपयोग काय, टिकटिक आणखी स्पष्ट झाली. बाईंनी तिच्या बाह्या चाचपल्या, हाती काही लागलं नाही, आणि उरलेला पेपरभर त्या तिच्याच मागे उभ्या राहिल्या.

तरी मेडिकलला नंबर लागला, ठाण्यातच. ऍडमिशनच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, काही आजार वगैरे? क्षिप्राने तोंड उघडायच्या आत विनिताबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली, “छे हो. ठणठणीत आहे.” बाहेर आल्यावर तिने पोरीला बजावलं की आजारी मुलीला डॉक्टर कोण करणार, कळलं तर काढून टाकतील, आधी मुकाट्याने डॉक्टर हो आणि मग सांग हवं तर दवंडी पिटून. नियम खरंच तसा होता का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला? विचारलं की कळलंच.

म्हणून, टिकटिक त्याचीच वाटावी असं, बाबांचं जुनं, बिस्किटाएवढं घड्याळ क्षिप्राच्या मनगटावर आलं. प्रॅक्टिकलला तिचा जोडीदार साकेत. हा वर्गाचा नकलाकार. सरांचं खाकरणं, कँटीनवाल्याचं ‘एक कटिंग दोन वडाऽ’, शिपायाच्या चपलेची फटफट, सगळं त्याच्या घशात तयार. त्याने पहिल्याच आठवड्यात तिला घंटाघर करून टाकलं. “ए घंटाघर, भिंतीवरचं उतरवून हातात बांधलंस काय गं?” आणि मग जीभ टाळूला लावून तो तिची टिकटिक काढायचा. हुबेहूब. सगळे हसायचे. क्षिप्रा सगळ्यांच्या आधी हसायची.

मग एके दिवशी बोर्डावर सूचना लागली की येत्या शुक्रवारी रक्त गोठण्याचं प्रॅक्टिकल आहे. ज्याने त्याने स्वतःचं बोट टोचायचं, रक्त सुईसारख्या बारीक काचेच्या नळीत घ्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने नळीचं टोक मोडून पाहायचं. गोठायला लागलं की मोडलेल्या तुकड्यांच्या मध्ये केसासारखा धागा दिसतो. क्षिप्राने ते दोनदा वाचलं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायची. सगळ्यांचा धागा येणार, तिची नळी मोडून मोडून संपली तरी तो येणार नाही, आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या आसावरी मॅडम चष्मा वर करून विचारणार, काय गं, असं का? दांडीचा उपयोग नव्हता. दांडी मारणाऱ्याला मॅडम दुसऱ्या दिवशी एकट्याला समोर बसवून करायला लावत.

मग तिने जे केलं ते डॉक्टरकी अर्धीच शिकलेलं माणूसच करू जाणे. गोळीच बंद केली. आईसमोर हात तोंडाशी न्यायचा, पाणी प्यायचं, आणि गोळी जायची एप्रनच्या खिशात. वर कँटीनमध्ये पालकभजी. पालेभाजीने त्या गोळीचा जोर कमी होतो म्हणून घरी तिच्या ताटात पालक कधी आलाच नव्हता. आता ती रोज खात होती, आणि प्रत्येक घासाला घाबरत होती. कारण पुस्तकातलं पुढचं पानही तिने वाचलं होतं. गुठळी धरली तर झडप अडकते. गुठळी सुटली तर मेंदूत जाते. आणि अडकायच्या आधी टिकटिकेचा आवाज बसतो.

त्या आठवड्यात ती दुसरं काही ऐकतच नव्हती. लेक्चर चालू असताना ऐकायची, बसमध्ये कान बंद करून ऐकायची. एखादा ठोका दबका वाटला की हाताची बोटं हलवून बघायची, आरशात हसून बघायची, तोंड वाकडं तर नाही ना.

शुक्रवारी सकाळी आई पोळी लाटता लाटता थांबली. “आज आपलं घड्याळ बारीक वाजतंय का गं?”

“मिक्सर चालू आहे शेजारी,” क्षिप्रा म्हणाली आणि चहा तसाच ठेवून निघाली. मिक्सर कधीच बंद झाला होता.

प्रॅक्टिकलला साकेत रंगात आला होता. मॅडमची पाठ वळली की त्यांच्याच आवाजात, “टोचा हो लवकर, मुहूर्त काढलाय का?” त्याने स्वतःचं बोट टोचताना ‘आई गं’ केलं ते मात्र त्याच्याच आवाजात. क्षिप्राने टोचलं. नळी भरली. पहिला तुकडा मोडला, काही नाही. दुसरा, काही नाही. साकेतचाही आला नव्हता अजून. पुढचा तुकडा तिने मोडला आणि दोन काचांच्या मध्ये तांबूस, बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा ताणला गेला.

“आयला, घंटाघर पहिली,” साकेत ओरडला.

हाच धागा तिला हवा होता. आता तो समोर होता आणि तुटत नव्हता. काचा लांब केल्या तरी तुटेना. असाच एक आत झडपेवर असेल, तिच्या मनात आलं. तिने आत कान लावला. डोक्यावर पंखे घरघरत होते, मुलं कलकलत होती, आणि टिकटिक ऐकू येत नव्हती. डाव्या हाताची बोटं बधिर वाटली. टोचल्यामुळे? की नळी घट्ट धरल्यामुळे? की? काचेचा तुकडा हातातून पडला.

ती मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि खिशातल्या गोळ्या त्यांच्यासमोर ओतल्या.

“मॅडम, माझा धागा यायला नको होता.”

आसावरी मॅडमनी गोळ्या पाहिल्या, तिच्या गळ्याखालचा ऑपरेशनचा व्रण पाहिला, आणि एका शब्दाने न विचारता स्टेथोस्कोप काढला. “पंखे बंद करा,” त्या म्हणाल्या. पंखे थांबले, वर्ग गप्प झाला. साकेतने, बहुधा तिला वाचवायला, घाईने सांगितलं की मॅडम, ती टिकटिक तिच्या घड्याळाची आहे. क्षिप्राने घड्याळ सोडून त्याच्या हातात दिलं. मॅडम बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “आवाज आहे. पण मला आवडत नाहीये. चल, आत्ता हृदयाचा इको करायचा.”

“ऍडमिशन?”

“त्यासाठी नंतर भांडू. आधी तू चल.”

व्हीलचेअर साकेतने ढकलली. कॉरिडॉरमध्ये क्षिप्राने आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं की आता रागावणार, मग रडणार, मग ऍडमिशनचं विचारणार. आईने त्यातलं काहीच केलं नाही.

“फोन छातीशी धर,” ती म्हणाली.

क्षिप्राने धरला. स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली, कुणीतरी वॉर्डबॉयला हाका मारत होतं. तिने फोन पुन्हा कानाशी घेतला.

“ऐकू येत नाहीये गं,” आई म्हणाली, आणि मागे कुकरची शिट्टी झाली. “थांब, गॅस बंद करते. परत धर. घट्ट धर.”

साकेतने व्हीलचेअर थांबवली. क्षिप्राने फोन एप्रनच्या आत, हाडाला टेकवून धरला, आणि तिकडून आई काही बोलेपर्यंत हलली नाही.